भाऊसाहेबांच्या हातातला हॅन्डसेट

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पुराच्या मदतीसाठी फौजेतल्या आमच्या वायरलेसवाल्या सिग्नल्स तुकडीला बुलढाणा जिल्ह्यात पाठवलं. मी नायक होतो, बाहीवर दोन फिती. धाडच्या शाळेत आम्ही कंट्रोल स्टेशन लावलं.

वायरलेसवर चार स्टेशनं होती. धाडला मी, बुलढाण्याला कलेक्टर कचेरी, नदीच्या वरच्या अंगाला टेकडीवर पाण्याची पातळी पाहणारी चौकी आणि बोटीत लान्स नायक गोविंद राऊत. गोविंद अमडापूरचा. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर. एकाने बटन दाबलं की बाकीच्यांचा आवाज पोचत नसे, त्यांनी फक्त ऐकायचं. चौकी गप्प म्हणजे नदी ठीक, असा नियम होता. सेटला ऑपरेटरशिवाय कुणी हात लावायचा नाही, ही स्टँडिंग ऑर्डर.

तिसऱ्या दिवशी सकाळी १०.४० ला गोविंद बोलला, "कंट्रोल, बोट पाण्यात घालून राह्यलो. पलीकडे छपरावर सात माणसं हायेत. ओव्हर."

"रॉजर. सांभाळून जाय बे."

"तू चहा मांड. आऊट."

तेवढ्यात भाऊसाहेब आत आले. ते तालुक्याचे पुढारी. त्यांच्या वसतिगृहात राहून मी मॅट्रिक झालो, पुढे फौजेतून बी.ए. केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याचा पाया त्यांनी घातला, हे मी आजही मानतो.

फोनच्या तारा तुटल्या होत्या. ते म्हणाले, "मंत्रीसाहेब दुपारी येऊन राह्यले. कलेक्टरले सांगाचं हाय. दे बे इकडे."

"भाऊसाहेब, ऑर्डर नाही. तुमचा निरोप मी देतो."

"काऊन? मले वयखलं नाहीस काय?"

मी उठून हॅन्डसेट दिला. बसायला खुर्चीही दिली.

१०.४२ ला त्यांनी बटन दाबलं, ते १०.४६ पर्यंत सोडलं नाही. गाड्या, विश्रामगृह, जेवण, कोण कुठे बसणार, सगळं सांगितलं. मी एकदा म्हणालो, "बटन सोडा." त्यांनी हातानेच थांब म्हटलं. मी थांबलो.

बटन सुटताच चौकीचा आवाज आला. "बोट रोका! वरून लोंढा आलाय. तीन मिनिटं ओरडतोय!"

"बोट, रिपोर्ट. ओव्हर." मी तीनदा बोलावलं. उत्तर आलं नाही.

लोंढ्याने बोट उलटवली; ती चालवणारे दोन सॅपर जवान झाडाला धरून वाचले. छपरावरची माणसं दुपारी दुसऱ्या बोटीने काढली. गोविंदचा देह दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, "हॅन्डसेट किसने दिया?"

"मैंने, सर."

माझी एक फीत उतरली. भाऊसाहेबांचा जबाब कुणी घेतला नाही.

हल्ली इंटरनेटवर सत्तेचा किती ताबा असावा, यावर पेपरात लेख येतात. मी ते वाचतो. मला ती चार मिनिटं तेवढी माहीत आहेत.

रजा मिळाल्यावर मी अमडापूरला गेलो होतो. गोविंदच्या वडिलांनी विचारलं, "शेवटी काही बोलला काय तो?"

"बोलला असंल, काका. मले आयकू आलं नाही. बटन मी दुसऱ्याच्या हाती देलं होतं."

ते आत पाहून म्हणाले, "गोविंदाच्या दोस्ताले ताट वाढा."

मी जेवलो. गोविंद गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता.