मास्तरांना गाडी उंच झाली

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बूट शिवणारे मास्तर. त्यातही साध्या बुटांचे नव्हेत. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कुणाचं पाऊल वळलेलं, कुणाची अपघातानंतर टाच टेकत नाही, अशा माणसांचे बूट ते तीस वर्षं करत आले होते. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या चार पावलांवरून 'डावा, बावीस मिलिमीटर' असं ते मनात बोलून मोकळे होत. मग माप घेतल्यावर बावीसच्या जागी तेवीस निघाले, की दिवसभर त्यांचं जेवणात लक्ष नसे. बाजारपेठेत त्यांना खऱ्या नावाने कुणी ओळखतच नसे. मिलिमीटर मास्तर म्हटलं की आंधळाही दुकानापर्यंत आणून सोडेल.

लाजत आलेल्या गिऱ्हाइकासाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "अहो, तुमचा पाय आखूड नाही, तुमच्यापुरती जमीन जरा खाली गेलीय. आपण ती वर आणू. यात लाजायचं काय?" गिऱ्हाईक हसायचं, हसलं की पाय सैल सोडायचं आणि माप बिनचूक यायचं.

अख्ख्या पेठेचे पाय मोजलेल्या या माणसाने वयाच्या चौपन्नाव्या वर्षी स्वतःचे पाय न मोजता मोटरसायकल घेतली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि मोटरसायकल तरी साधीसुधी घ्यावी! ही युरोपात जन्मलेली, दोन सिलिंडरची, गडद हिरवी, अकरा वर्षं वापरलेली पण डोळ्यांत तेल घालून जपलेली. विशीत असताना मास्तरांनी अशी गाडी एकदाच पाहिली होती. ती चौकात थांबली होती आणि वरचा माणूस एक पाय जमिनीवर रोवून निवांतपणे संत्रं सोलून खात होता. दुसरा कुणी असता तर त्याला गाडी आठवली असती. मास्तरांच्या मनात तो रोवलेला पाय राहिला. आपणही एकदा असं टेकून उभं राहायचं, बस्स, एवढीच हौस. मग संसार, दुकान, मुलीचं शिक्षण, आणि ती हौस कपाटाच्या वरच्या फळीवर गेली.

गाडी विकणारे दातांचे डॉक्टर होते. त्यांची कंबर आता साथ देत नव्हती. त्यांच्या अंगणात गाडी फरशीच्या उंच वाटेला अगदी लागून उभी होती. मास्तर तिच्यावर बसले, डावा पाय खाली सोडला, आणि तो टाचेसकट अलगद त्या वाटेवर टेकला. त्यांना भरून आलं. वाट जमिनीपेक्षा वीतभर उंच आहे, हे मिलिमीटर मास्तरांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"आठवडाभर चालवून बघा," डॉक्टर म्हणाले. "रविवारी संध्याकाळपर्यंत मन बदललं तर खुशाल आणून लावा. मी वाईट मानणार नाही."

"तीस वर्षं बदललं नाही ते आठवड्यात काय बदलतंय?" मास्तर म्हणाले.

ते वीस मिनिटांत बदललं. पहिल्याच सिग्नलला त्यांनी ऐटीत पाय खाली सोडला, तर खाली जमीनच नाही. आणखी ताणला तेव्हा कुठे बुटाचं टोक लागलं. वर दोनशे दहा किलोची गाडी आणि खाली टेकू म्हणून एक अंगठा. गाडी जरा कलली, मग आणखी कलली, आणि एखाद्या वजनदार पाहुण्याने गादीवर बसावं तशी सावकाश, मानाने रस्त्यावर आडवी झाली. शेजारी बस उभी होती. सगळी बस खिडक्यांत आली. तिघांनी उतरून गाडी उचलली, त्यातल्या एकाने विचारलं, "काका, लागलं का हो?"

"छे छे," मास्तर म्हणाले, "जरा खालून बघत होतो."

घरी आल्यावर बायकोने आधी गाडीवरचा ओरखडा पाहिला, मग नवऱ्याचा कोपर पाहिला आणि काही न विचारता मलमाची डबी आणून ठेवली. तिच्या भावाला मात्र गप्प बसायची सवय नव्हती. तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "भावोजी, अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तुम्ही पाय न पाहताच अंथरूण आणलंत!"

मास्तरांनी हार मानली नाही. चामड्यातला माणूस, त्याने गाडीची सीट उसवली, आतला फोम दोन सेंटीमीटर तासला आणि अशी शिवली की डॉक्टरांनाही ओळखू येऊ नये. तरी टाच हवेतच. आणखी तासायचं तर पत्र्यावर बसावं लागलं असतं. मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. जिथे डाव्या हाताला फुटपाथ असेल तिथेच थांबायचं, म्हणजे पाय त्याच्यावर ठेवता येतो. एवढ्यासाठी त्यांनी अख्ख्या शहराचे फुटपाथ पाठ केले. चामड्याच्या दुकानाला जायला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता पाऊण तास लागू लागला. एका चौकात फुटपाथ खोदून ठेवलेला होता. तिथे न थांबण्यासाठी मास्तर गोल बागेभोवती चार वेळा फिरले. पाचव्या फेरीला वाहतूक पोलिसाने त्यांना हात करून विचारलं, "आजोबा, काही हरवलंय का?" त्या दिवशी 'काका'वरून 'आजोबा'वर बढती झाली, हे मास्तरांना फार लागलं.

बुधवारी गाडी पुन्हा पडली, शुक्रवारी पुन्हा. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली. चालू गाडीवर ते खरोखर सुखात असत. वारा तोंडावर यायचा, इंजिन खर्जात बोलायचं आणि विशीतला माणूस अंगात शिरायचा. पण कुठलीही गाडी कधी ना कधी थांबतेच. शनिवारी सकाळी त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "उद्या परत देतो. आपल्या नशिबात नाही."

"नशिबात आहे हो," बायको म्हणाली, "पायांत नाही."

शनिवारी दुपारी दुकानात गणिताच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, लहानपणीच्या आजाराने उजवा पाय आखूड राहिलेला. सव्वीस वर्षं त्या मास्तरांकडचाच, जाड तळ चढवलेला बूट घालत होत्या. नव्या जोडाची वेळ झाली होती.

"नेहमीसारखाच करा," म्हणत त्या बाकावर टेकल्या. "आणि दारातली ती हिरवी कुणाची? मोठी देखणी आहे."

"आजच्यापुरती माझी. उद्या परत करतोय."

"का बरं?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "पाय पुरत नाहीत, बाई. डावी टाच साडेचार सेंटीमीटर वर राहते."

बाई खळखळून हसल्या. "तुमचे पाय पुरत नाहीत? मग एक बूट चढवून घ्या की! जगात कुणाला अवघड असेल, तुम्हाला काय अवघड?"

"मी?" मास्तर एकदम म्हणाले. "चढवलेला बूट घालून मी भर बाजारातून हिंडू? लोक काय म्हणतील?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाईंचं हसू थांबलं.

"मी एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा आले तुमच्याकडे," बाई हळू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, यात लाजायचं काय. ते खरं मानून मी दुसऱ्या दिवशी साठ मुलांसमोर फळ्यापाशी उभी राहिले. तोवर खुर्चीत बसून शिकवायचे. ते वाक्य काय फक्त गिऱ्हाइकांसाठी होतं?"

मास्तरांना लाज वाटली, आणि ती पायांची नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तीस वर्षं आपण जे बोललो ते आपल्याला खरं वाटत होतं की नाही, हेच त्यांना कळेना. बाई रागावून गेल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नेहमीसारख्या 'येते हं' म्हणून गेल्या. त्यामुळे जास्तच टोचलं.

त्यांनी तडक मेहुण्याला बोलावलं. गाडी अंगणात सरळ उभी केली, मेहुण्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि मास्तर वर बसले. माप घ्यायच्या पातळ लाकडी पट्ट्या बायकोच्या हातात होत्या. खाली बसून ती त्यांच्या डाव्या टाचेखाली एकेक सरकवू लागली.

"टेकली?"

"अजून एक."

"आता?"

"एक अजून. हां. बस."

नऊ पट्ट्या, पाच-पाच मिलिमीटरच्या. अंदाज तंतोतंत निघाला, त्याचंही त्यांना त्या घटकेला सुख झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पायाशी कुणीतरी माप घ्यायला बसलं होतं, आणि कुठे बघावं ते समजत नव्हतं. गिऱ्हाइकं छताकडे का बघतात, हे त्यांना आज कळलं.

डाव्या बुटाला त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने भरीव रबराचे थर चढवले. दहा वर्षं हलणार नाही अशी मजबुती, हा त्यांच्या दुकानाचा लौकिक. टोकाला ठरलेली गोलाई दिली, गाडीच्या गिअरचा दांडा बोटभर वर घेतला, आणि रविवारी सकाळी बूट घालून निघाले. मुद्दाम भर बाजारातून निघाले.

पहिला सिग्नल लाल झाला. मास्तरांनी श्वास रोखून पाय सोडला. टाच टेकली. पूर्ण, सपाट, घट्ट. गाडी जागची हलली नाही. शेजारी पुन्हा बस होती, आणि त्यांना वाटलं, उतरून सगळ्या बसशी हात मिळवावा. बुटाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सिग्नल हिरवा झाला तरी ते उभेच होते. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवून त्यांना पुढे ढकललं. पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन केला, "गाडी येत नाही! वाट बघू नका!" डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुमचं मन बदललं नाही." मास्तर म्हणाले, "दोनदा बदललं."

आता ही मर्दुमकी सर्वांत आधी मेहुण्याला दाखवायला हवी होती. तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा. मास्तर शीळ घालत जिना चढू लागले, आणि चौथ्या पायरीला बुटाचं टोक अडकलं. कठडा हातात होता म्हणून दात वाचले. त्यांनी पाय जास्त उचलला. नवव्या पायरीला पुन्हा अडकला. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत मांडी भरून आली. शिवून झाला तेव्हा हलका वाटलेला बूट जिन्यावर पायाला बांधलेल्या विटेसारखा झाला होता.

ते पायरीवर बसले आणि बुटाचं टोक बघितलं. खरवडून पांढरं झालं होतं. अगदी त्याच जागी, त्याच तिरक्या रेषेत. ही खूण त्यांच्या ओळखीची होती. बाईंचा बूट दर वर्षी दुरुस्तीला यायचा तो इथेच झिजून. दर वर्षी ते टोकाला नवं चामडं लावायचे आणि सांगायचे, "बाई, पाय जरा उचलून टाकत जा. सवय होईल."

देवाने मास्तरांना पाय आखूड दिले होते, पण दोन्ही सारखे. तीस वर्षांत आपला बूट घालून एक जिना चढायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"भावोजी, आवाज तुमचाच ना? वर या की!" वरून मेहुणा ओरडला.

"नंतर!" म्हणत मास्तर उतरायला लागले. उतरताना तर पाय आणखी अडखळला.

बाईंनी दार उघडलं तर समोर मास्तर, घामाघूम, एका बाजूला झुकलेले. बाईंनी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! घातलात!"

"बाई, खरं सांगा. जिना चढताना टोक अडकतं ना?"

"अडकतं की."

"आणि संध्याकाळी मांडी भरून येते."

"येते. संध्याकाळी कशाला, दुपारीच येते."

"मग सव्वीस वर्षांत मला एकदा तरी सांगायचं!"

बाईंना याचं नवल वाटलं. "तुम्ही म्हणाला होतात, सवय होईल. मला नाही झाली. मला वाटलं, माझ्याच चालण्यात खोट आहे."

मास्तर दारातच खाली बसले. बाईंनी आत जाऊन पाणी आणलं, ते त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. मग म्हणाले, "बूट द्या तो." बाई खुर्चीत बसल्या आणि बूट काढून दिला. मास्तरांनी तो उलटा केला, खिशातला खडू काढला, सवयीने तळावर टेकवला, आणि त्यांचा हात थांबला. बुटावरची रेघ आजवर नेहमी त्यांनीच ओढली होती. त्यांनी बूट आणि खडू, दोन्ही बाईंपुढे धरलं.

"तुम्हीच दाखवा. कुठून काढू, किती काढू."

बाईंनी बूट मांडीवर घेतला. क्षणभरही विचार न करता टोकापाशी एक तिरकी रेघ ओढली. मग तळाच्या बाजूवर, भरीव रबराच्या मधोमध, एक लांबट मोठा गोल काढला आणि तो खडूने पूर्ण भरून टाकला.

"एवढं," त्या म्हणाल्या, "मला कधीच नको होतं."