खटारं आणि तयार डबा

घरातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं एका जागी राहावीत म्हणून छावणीतल्या आमच्या घरी मी एक सर्व्हर बांधला होता. बांधला म्हणतो, कारण तो विकत आणलेला नव्हता. कंपनीनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर आणि औरंगपुऱ्यात दुकानं पालथी घालून आणलेल्या दोन हार्ड डिस्क, एवढाच त्याचा संसार. बायको त्याला खटारं म्हणायची. उन्हाळ्यात त्याचं पत्र्याचं झाकण काढून कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवावं लागे. "माणसं घामानं भिजू द्या, ह्याला वारं लागलं पायजे," हे तिचं दर मे महिन्यातलं बोलणं.

डिस्क तापू नयेत म्हणून मी एक सोय केली होती. कोणी वापरत नसलं की त्या झोपायच्या. कोणी फोटो उघडायला गेलं की आधी घरघर, मग करकर करत जाग्या व्हायच्या. मुलगी लग्नानंतर कॅनडाला गेली आणि तिथून इंटरनेटवरून हे फोटो बघायला लागली. तिची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. मी दारापुढच्या ओट्यावर पेपर वाचतोय, बायको पोळ्या लाटतेय आणि आतल्या खोलीत घरघर सुरू झाली, की ती कोणामुळे हे विचारायची गरज नसे. घरात आम्ही दोघंच.

"आली बघा पोरगी," असं म्हणून बायको गॅस बारीक करायची.

कोणी घरातून बाहेर पडलं की लगेच केर काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बायको गंगापूरकडची, रीतीभातीत पक्की. तिनं ही रीत हार्ड डिस्कला लावली. करकर थांबली की कामवाल्या बाईंना ती दारातच अडवायची. "थांबा जरा, आत्ताच गेली ती."

मला हसू यायचं. "अगं, ती तिकडं सोफ्यावर बसलीय. तिला तुझा झाडू दिसतोय का?"

"नसंल दिसत. पण गेली ना आत्ता?"

पुढे पुढे मीही पेपर मांडीवर ठेवून ऐकायला लागलो. करकर लांबली की बरं वाटायचं. लहानपणीचे फोटो काढून बसली असेल, असं मनाशी म्हणायचो. जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस मी. डिस्कची सुई कशी फिरते ते मला ठाऊक होतं, तरी ऐकायचो.

गेल्या वर्षी एक डिस्क गेली. टेबलाखाली वाकून ती बदलताना माझी कंबर धरली, आणि मुलीनं फर्मान काढलं, "बाबा, आता पुरे." आठवड्याभरात तिनं मागवलेला सर्व्हरचा तयार डबा दारात हजर. तिखटाच्या डब्याएवढा, काळा, गुळगुळीत.

मी त्याच्यात खोड काढायला टपून बसलो होतो, पण खोटं कशाला बोलू? वीज कमी खातो. लावायला पेचकस लागत नाही. तापत नाही, त्यामुळे कूलर पुन्हा माणसांचा झाला. बिघडला तर मात्र मला त्याच्या पोटात हात घालता येणार नाही, उचलून कंपनीकडे द्यावा लागेल. खटाऱ्याचा कुठलाही भाग दुपारी जाऊन औरंगपुऱ्यातून आणता यायचा. हे मी बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, आणि कंबर कुठून आणणार?"

नव्या डब्यात फिरणारी डिस्क नाहीच. तो आवाज करत नाही. आठ-दहा दिवस असेच गेले. मग एका सकाळी केर काढून झाल्यावर डब्यासमोर उभी राहून म्हणाली, "हे तर लईच मुकं हाय. पोरगी येऊन जाते का नाय, कसं कळायचं?"

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं मुलीलाच सरळ विचारलं, "नव्या डब्यात येतीस का गं तू?"

"उघडायला कशाला लागतंय, आई? तुम्ही फोटो टाकला की आपोआप माझ्या फोनमध्ये येऊन पडतो. जुनेही सगळे आलेत."

"म्हणजे येतच नाईस."

मुलगी हसली. मग म्हणाली, "जुन्याला वेळ लागायचा ना, बाबा, जागं व्हायला. तेवढा वेळ मला वाटायचं, तुम्ही चपला शोधत दार उघडायला येताय."

तिलाही तसं काही वाटत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी घाईघाईनं म्हणालो, "मग जुनं परत लावतो की. एका दुपारचं काम आहे."

"ते ऱ्हाऊ द्या हो," म्हणत बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला. "बाई, तू कधी येतीस?"

मुलीनं नजर खाली वळवली. "बघते, आई. यंदा रजेचं काही खरं नाही."

बायको "बरं" एवढंच म्हणाली. मी आपला कुठली डिस्क घ्यायची, पंखा कुठं बसवायचा, हे मोठ्यानं सांगत राहिलो. कारण मी थांबलो असतो तर तिथं कोणीच बोललं नसतं, आणि ते मला सोसलं नसतं.