चेंडूचं व्याख्यान

माझ्या वहिनीला विद्यापीठात सगळे ‘कशावरून’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. हे नाव मुळात माझ्या भावाने ठेवलं. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी ती विचारायची, “कशावरून? बाकीच्यांना विचारलंस?” तेव्हापासून तो निमूटपणे जेवतो.

तिचं काम सांगायला लागलं की लोक जांभया देतात, म्हणून एका दमात सांगून टाकते. प्राध्यापक मंडळी जगातल्या वाट्टेल त्या गोष्टीवर संशोधन करतात, पण आपण वर्गात घसा कोरडा करतो ते कुणाच्या डोक्यात शिरतं का, हे मात्र तपासत नाहीत. ते कसं तपासायचं, हे त्यांच्याबरोबर बसून दाखवणं हे वहिनीचं काम. त्यासाठी तिला कराराची नोकरी आणि झेरॉक्स मशीनच्या मागची एक खोली मिळाली होती. मी त्याच विद्यापीठात परीक्षा विभागात आहे, त्यामुळे जाता-येता डोकावायचे. टेबलाचा एक पाय आखूड, खिडकी अर्धीच लागायची, आणि दार उघडणारा प्रत्येक जण आधी कोरे कागद मागायचा.

नव्याने येणारा प्राध्यापक हटकून एकच चूक करायचा. संशोधनाचा प्रश्न म्हणून लिहून आणायचा, ‘मुलं लक्ष का देत नाहीत?’ नाहीतर, ‘मुलांचा पाया कच्चा का?’ वहिनी कागद परत त्याच्यापुढे सरकवायची. “हे मुलांवरचं झालं. यात तुम्ही कुठे आहात?” काही जण तिथूनच मागे फिरले. अर्थशास्त्राचे सर तर तडकले, “बाई, आम्ही काय इथे उलटतपासणीला आलोय?”

“हो,” वहिनी म्हणाली. “फक्त वकीलही तुम्हीच आणि साक्षीदारही तुम्हीच.”

सर हसले आणि खुर्ची ओढून बसले.

मग एक दिवस भोंगा सर आले. भौतिकशास्त्राचे, निवृत्तीला टेकलेले, माइकशिवाय सभागृह हलवणारे. त्यांचं ‘चेंडूचं व्याख्यान’ म्हणजे विद्यापीठाची शान. चेंडू छतापर्यंत उडवायचा, टोपीत झेलायचा, मधे विनोद, शेवटी टाळ्यांचा कडकडाट. प्रवेशाच्या दिवशी पालकांना तेच दाखवायचे. सरांना वाटलं, आपल्या यशाचा एक पक्का कागद होऊन जाईल. वहिनीने त्यांना एक साधा प्रश्न द्यायला सांगितला, व्याख्यानाच्या आधी आणि नंतर तोच: वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्यावर त्याच्यावर कोणकोणते जोर असतात?

आधी बहुतेक मुलांनी लिहिलं, हाताचा जोर त्याला वर नेत असतो. हे चूक. हात सुटला की हाताचा जोर संपला. खाली ओढणारी पृथ्वी उरते आणि जराशी हवा. व्याख्यानानंतरही मुलांनी तेच चूक उत्तर लिहिलं. फक्त आता ठाम अक्षरात, सुबक आकृती काढून.

सरांनी त्या खोलीत बसून सगळे कागद पुन्हा एकेक करून तपासले. भोंगा गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला वाईट वाटलं. मग ते म्हणाले, “हे मी वार्षिक सभेत वाचणार.”

बातमी कुलगुरूंच्या कानावर गेली. त्यांनी वहिनीला बोलावून घेतलं. “सभेत फक्त यशाच्या गोष्टी घ्या. सरांचं नाव गाळा. तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय ना?”

“संपतोय.”

“मग विचार करा.”

घरी भाऊ म्हणाला, “एक निकाल गाळलास तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“आज त्यांचा निकाल लपवला, तर उद्या त्या खोलीत खरं कोण घेऊन येईल?” वहिनी कणीक तिंबत होती आणि सगळा राग कणकेवर निघत होता. “सगळे गोड गोड आणतील, मी मान डोलवेन. त्यापेक्षा झेरॉक्स काढलेली बरी.”

मी वहिनीच्या बाजूने होते. पगार जाणार हे मलाही दिसत होतं, तरी होते.

सभेत सूत्रसंचालकाने भोंगा सरांचं नाव गाळलंच. वहिनीची पाळी आली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, “माझा वेळ मी सरांना देते.” सर मंचावर गेले, आकडे वाचले, खाली उतरले. टाळी एकही नाही. कुलगुरू हसून म्हणाले, “सर मोठे विनोदी आहेत. एवढं गाजलेलं व्याख्यान, मुलांना समजत असणारच.”

वहिनी उभीच होती. “कशावरून, साहेब?”

करार वाढला नाही. खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भरले, तेही माझ्याच विभागाचे, म्हणजे कुलूप लावायची पाळी माझ्यावर आली. मी शिव्या घालत लावलं. पुढच्याच रविवारी भोंगा सर आपले कागद घेऊन आमच्या घरी हजर, मागोमाग अर्थशास्त्राचे सर, मग आणखी दोघी प्राध्यापिका. स्वयंपाकघरातलं टेबल पुरेना. चहा करून माझे हात दुखले, पण तक्रार करायचं धाडस झालं नाही, कारण वहिनीने लगेच पुरावा मागितला असता.

प्रवेशाचा दिवस उजाडला. सभागृह पालकांनी भरलेलं, कुलगुरू पहिल्या रांगेत, वहिनी आणि मी शेवटच्या. भोंगा सर चेंडू घेऊन आले, टोपी नव्हती.

“आज व्याख्यान नाही,” ते म्हणाले. “कागद वाटतोय. आधी उत्तर लिहा, मग शेजाऱ्याशी भांडा, मग मी चेंडू फेकेन.”

आधी कुजबुज झाली, मग आवाज चढले. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई स्वतःच्या नवऱ्याला हातवारे करून समजावत होती आणि तो ऐकत नव्हता. सर रांगांमधून फिरत होते, तोंड बंद, कान उघडे. वहिनीचे डोळे भरून आले होते. ते तिने पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

कुलगुरूंनाही कागद मिळाला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि बराच वेळ ते कागदावर नुसतंच धरून ठेवलं.