सुनेने परत पाठवलेला पॅच

पॅच लिहिणारा मुलगा आणि तो तपासणारी सून एकाच छताखाली राहत असली, की किस्से शोधावे लागत नाहीत. घरात पाय अडखळेल इतके साचतात!

नितीन आणि शीतल एकाच कंपनीत. काम सिडकोतल्या आमच्या घरूनच. मी चौथी शिकलेला. समजलं तेवढं सांगतो. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर चालतो. त्याला कार्डंही खोटीच. ती जोडण्या-काढण्याची व्यवस्था सुधारायची, त्यासाठी लिहिलेली दुरुस्ती म्हणजे नितीनचा पॅच. बाहेर पाठवण्याआधी शीतलने तपासायचा आणि खाली आपलं नाव घालायचं. शुक्रवारपर्यंत गेला नाही, तर नितीनची बदली बंगळूरला!

*

पॅच पहिल्यांदा परत आला तो ऐन जेवणात. समोरून, "अहो, पोळी घ्या ना अजून." आणि मोबाइलवर, "हे चालणार नाही." दोन्ही शीतलचंच!

नितीन पोळी न घेता उठला.

*

आमची ही कळवणकडची. म्हणाली, "खोटंच यंत्र हाय ना? मोडलं तर मोडू दे की!"

"आई, खोटं मोडलं की खरंही बंद पडतं. आत काम चालू असतानाच तुमचे चिरंजीव कार्ड काढून टाकतात," शीतल म्हणाली.

"त्याला लहानपणापासून घाईच लय!"

*

सटाण्याहून शीतलचे वडील आले. नितीनचा चेहरा पाहून लेकीला म्हणाले, "जावयाला नापास करतेस? दे की पास करून!"

"अप्पा, 'वडील म्हणाले म्हणून पास', असं लिहू का खाली?"

अप्पा मुक्कामाला आले होते. संध्याकाळच्याच गाडीने परत गेले.

*

गुरुवारी मीच बोललो. या घरात माझा शब्द कोणी मोडत नाही.

"शीतल, नाव घाल."

"बाबा, ते बंगळूरला गेले तर एकटी मीच पडणार ना? तरी घालत नाहीये."

मी पेपर उघडला. एक ओळ वाचली असेल तर शपथ!

*

शुक्रवारी दुपारी शीतल म्हणाली, "झालं. आता चूक नाही. नाव घालते."

ही देवापुढे साखर ठेवायला उठली. नितीन मात्र पांढराफटक.

"नीट पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग सापडली कशी नाही? बंगळूरच्या भीतीने घालतेस ना नाव? परत बघ!"

ती परत कॉम्प्युटरसमोर बसली. चहा सगळ्यांचाच गार झाला.

"आहे एक," ती म्हणाली.

नितीनने तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि आठवड्यात पहिल्यांदा हसला.

"बघ! मी सांगत नव्हतो?"