राहिलेलं मॅथ्स

"मॅथ्स तेवढं राहिलंय मावशी. ते इथे येऊन देईन," अनघा म्हणाली, आणि मी हातातला कप खाली ठेवला.

तोवर सगळं छान चाललं होतं. समोर कॉफी होती. तिने बाकरवडीचा डबा आणला होता आणि माझ्या केबिनमधल्या सहकारी फ्राऊ लांगलाही दोन खायला घातल्या होत्या. आमच्या प्रोफेसरांनी तिला घ्यायला होकार दिला होता. माझ्याकडून एक शिक्का पडायचा बाकी होता.

मी स्टुटगार्टच्या बाजूला एका युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर बघायचे. दुसरीकडे शिकत असलेली मुलं आमच्याकडे आली, की त्यांचे कुठले विषय धरायचे, कुठले पुन्हा द्यायला लावायचे, हे माझं काम. जर्मनीत तेव्हा दोन तऱ्हेची इंजिनिअरिंग कॉलेजं होती. एक फाखहोखशूल, म्हणजे आम्ही सगळे म्हणायचो ते एफएच. तिथून शिकून थेट कारखान्यात जायचं. दुसरी युनिव्हर्सिटी. संशोधन करायचं, पीएचडी करायची, तर रस्ता इथून. एफएचमधून पुढे पीएचडीला घेत नसत असं नाही, पण नाकदुऱ्या काढाव्या लागत.

अनघा एफएचमध्ये शिकत होती आणि तिला पीएचडीच करायची होती. तिचे वडील इस्लामपुरात मोटर रिवाइंडिंग करायचे. विहिरीवरचे जळलेले पंप उघडायचे, तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची. दुकानात बसून तिने बापाला एकदा विचारलं होतं, ही जळतेच का? बाप म्हणाला, ते तू शिकून ये आणि मला सांग. एवढ्या एका वाक्यावर पोरगी जर्मनीत आली होती. एफएचमध्ये मोटरच्या विषयात तिचे मार्क बघून आमचे प्रोफेसर खूश झाले होते.

"राहिलंय म्हणजे काय गं?" मी विचारलं. "किती वेळा बसलीस?"

"दोनदा उडाले. पहिल्या वेळी तर प्रश्नच कळले नव्हते, जर्मन कच्चं होतं. तिसऱ्यांदा बसलेच नाही. फेब्रुवारीत बाबा गेले ना. मी इस्लामपूरला होते."

"कॉलेजला कळवलंस?"

"नाही. बसलेच नाही तर कळवायचं काय?"

आता हे नीट समजून घ्या. आपल्याकडे पेपरला गेलं नाही, तर पुढच्या वेळी जाता येतं. एटीकेटी घेत घेत माणसं इंजिनिअर होतात, पुढे साहेबही होतात. इथे तीनच संधी. दोनदा नापास झालं, की तिसऱ्या परीक्षेला तुमचं नाव कॉलेजच घालतं. गेला नाहीत तर नापास. आणि तिसऱ्यांदा नापास झालात, तर त्या कॉलेजातच काय, तो कोर्स अख्ख्या जर्मनीत कुठेही करता येत नाही. कायमचा बंद.

"अगं, पत्र आलं असेल की तुला!"

"आलं होतं. महिन्याभरात हरकत घ्या, असं काहीतरी होतं. मी म्हटलं, हे कॉलेज सोडायचंच आहे, कशाला भांडत बसा? नव्या ठिकाणी पाटी कोरी."

पाटी कोरी! मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि ओरडलेच मी. माझा स्वभावच तसा आहे, काळजी वाटली की आवाज चढतो. फ्राऊ लांगला मराठी येत नव्हतं, तरी ती उठून बाहेर गेली. मग मी नियम सांगितला. अनघा ऐकत राहिली आणि बाकरवडीच्या डब्याचं झाकण लावत राहिली. ते लागत नव्हतं. शेवटी मीच लावलं.

मी माझ्या साहेबांकडे गेले. हेर ब्रांट, उंच, सज्जन माणूस. वाढदिवसाला स्वतः केक करून आणायचा.

"आल्झो, म्हणजे तिने कळवलं नाही," सगळं ऐकून ते म्हणाले.

"तिचे वडील गेले होते."

"हो, ते कारण चाललं असतं. एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं."

"चिता जळत असताना मेल लिहायची का तिने?"

ते म्हणाले, "माझे वडील गेले, तेव्हा मी आधी ऑफिसला फोन केला. मग भावाला."

यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. चहात साखर किती घेता, हे सांगावं तसं सांगितलं. आमच्याकडे घरात माणूस गेल्यावर परीक्षेचं नाव जो काढेल, त्याला लोक आयुष्यभर नावं ठेवतील. यांच्याकडे न कळवणारा बेजबाबदार. दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि मधे ही पोर.

हेर ब्रांटनीच वाट सुचवली. जुन्या कॉलेजच्या परीक्षा समितीकडे अर्ज करायचा, की परिस्थिती अपवादात्मक होती, प्रकरण पुन्हा उघडा. मी तिथल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मृत्यूचा दाखला पाठवा, आणि वेळेत का कळवलं नाही त्याचं कारण लिहा. कारण पटलं पाहिजे.

दाखला तिच्या भावाने पाठवला. गाडं अडलं ते कारणापाशी.

"मानसिक धक्का होता, काही सुचत नव्हतं, असं लिही," मी म्हटलं. "इस्लामपूरच्या डॉक्टरकडून तशी चिठ्ठी आणव. धक्का तर होताच ना?"

"मला सुचत होतं मावशी. पाहुण्यांचा स्वयंपाक मीच बघत होते. दुकानात लोकांचे पंप पडले होते, ते कुणाचे कुणाला द्यायचे तेही मीच लावलं." मग म्हणाली, "पेपरच्या दिवशी पेपर आठवला होता मला. आई शेजारी बसली होती. तिला सोडून सायबर कॅफेत जाऊन परीक्षेचं बोलायचं, मला लाज वाटली."

"हे लिहू नकोस बाई."

"खरं तेच आहे."

मुलखाची हट्टी. मी समजावलं, रागावले, शेवटी हात टेकले. तिने तेच लिहिलं, सुंदर जर्मनमध्ये. एव्हाना भाषा छान झाली होती तिची.

उत्तर आलं ते तिने माझ्यासमोर उघडलं. पहिल्या ओळीत वडिलांच्या निधनाबद्दल मनापासून सहानुभूती. पुढे लिहिलं होतं, अर्जावरून दिसतं की विद्यार्थिनीला परीक्षेची आठवण होती आणि कळवणं शक्य होतं, म्हणून अर्ज नामंजूर.

तिने ते दोनदा वाचलं. रडली नाही. म्हणाली, "जानेवारीत फोनवर बाबांना म्हटलं होतं, युनिव्हर्सिटीत नाव लागलं की सांगते." मग मात्र मीच रडले. ऑफिसात, कामाच्या वेळी. फ्राऊ लांगने टिश्यूचा डबा आमच्या दोघींच्या मधे ठेवला.

दुसरा कोर्स घे, मी सुचवलं. इन्फॉर्माटिक घे, म्हणजे आपलं कॉम्प्युटरचं, व्हिसाचं मी बघते. ती म्हणाली, "मला मोटर सोडून काही नकोय." ती परत गेली. पुण्यात एका कंपनीत लागली. पीएचडी झाली नाही. तिच्या लग्नाची पत्रिका आली, त्यानंतर काही कळलं नाही.

रिटायर होईपर्यंत मी दर सेमिस्टरला आपल्याकडच्या नव्या मुलांना हे सांगायचे. घरून वाईट फोन आला, तर बॅग भरण्याआधी परीक्षा विभागाला एक ओळ मेल करा. मुलं एकमेकांकडे बघायची. एकदा एक मुलगी मागे हळूच म्हणाली, "काय कोरडी बाई आहे!"

मला ऐकू आलं. म्हणू दे. या देशात आधी कळवायचं, मग रडायचं.