शाकाहारी म्हसोबा आणि कंबोडियाचा भात

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उस्मानपुऱ्यातल्या घरातून क्रांती चौकापर्यंत न्यायचं तर आदल्या दिवशी अर्ज करावा लागतो. गुडघे, ऊन, ट्रॅफिक, सगळी कारणं तयार असतात. तर ह्याच गृहस्थांनी ऑगस्टमधल्या एका सकाळी बशीतला चहा संपवून मला सांगितलं, "तू त्या कंबोडियाला जायचं म्हणत व्हतीस ना? सतरा सप्टेंबरला आपण तिथं असू, असं बघ."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सतरा सप्टेंबर म्हणजे आमचा मुक्तिदिन. देश स्वतंत्र झाला तरी आम्ही निजामाच्याच राज्यात अडकलेलो होतो, रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, मग पोलीस ॲक्शन झालं आणि सुटलो. आमच्या गावात त्या दिवशी झेंडावंदनानंतर अण्णांचं भाषण असतं. रझाकार आले, आम्ही ज्वारीत लपलो, फौज आली, टाळ्या. मला ते तोंडपाठ आहे, गावातल्या कुत्र्यांनाही असावं. यंदा सरपंच संतोषनं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, 'शेवटचे साक्षीदार' म्हणून अण्णांचा सत्कार ठरवला होता आणि भाषणाचा व्हिडिओही काढायचा होता. दुसरा कुणी असता तर नवा नेहरू शर्ट शिवला असता. आमच्या अण्णांनी कपाटातून कोरा पासपोर्ट काढला.

त्यात पितृपक्ष. पितर घरी येणार आणि तुम्ही कुलूप लावून चाललात, असं अख्ख्या सोसायटीनं ऐकवलं. मी म्हटलं, पितर चावी घेऊनच येतात. ज्यांना स्वस्तात फिरायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा: पितृपक्षात आपल्याकडचं कुणी हलत नाही आणि तिथं पावसाळा असतो, त्यामुळे तिकीट आणि हॉटेल दोन्ही खाली येतात. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे बँकॉकला विमान बदलून नॉम पेन. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. छत्री न्या, तिथल्या छत्र्या पहिल्याच वाऱ्याला उलट्या होतात.

खाण्याचं मात्र कठीण. कंबोडियात माशाचा रस भाजीत, सूपमध्ये, चटणीत, सगळीकडे असतो. मी भाजणी आणि लसणाची चटणी नेली होती आणि नाक मुरडत तीच खात होते. कारण आम्ही खानदानी. आजूबाजूच्या गावांच्या जत्रेत बोकड पडतं, आमच्या जत्रेत पुरणपोळी असते. आमचा म्हसोबा शाकाहारी आहे. देवानं दृष्टांत देऊन मांस सोडलं, असं सांगतात, आणि कॉलेजात असताना मी हे मोठ्या ऐटीत मैत्रिणींना सांगायचे. अण्णा मात्र पहिल्याच दिवशी माशाचं कालवण भातावर ओतून भुरके मारत जेवले.

आमचा टुकटुकवाला आणि गाइड एकच, बोरा नावाचा पन्नाशीचा माणूस. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे छान जमलं. अण्णांसाठी मी मधल्या मधे भाषांतर करत होते. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला च्युंग एकला घेऊन गेला. सत्तरच्या दशकात इथल्या राजवटीनं आपल्याच माणसांना मारून ज्या शेतांत पुरलं, त्यांतलं हे एक. मध्यभागी काचेचा मनोरा आहे आणि काचेमागे कवट्या. तिकिटाबरोबर कानाला लावायचं यंत्र मिळतं, ते आपल्या पसंतीच्या भाषेत वाईट बातमी सांगतं. आपल्याकडचा एक ग्रुप भेटला. त्यातल्या काकू मनोऱ्यासमोर डोळे पुसत म्हणाल्या, किती क्रूर हो ही माणसं, आपल्याकडे असलं कधी झालं नाही. मग त्यांनी व्हेज जेवण कुठे मिळेल ते विचारलं.

पाऊस पडला की तिथल्या मातीतून अजूनही कपड्यांच्या चिंध्या आणि हाडं वर येतात. अण्णा अशाच एका चिंधीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी बोराला विचारायला सांगितलं, मारणारे कुठून आले होते?

"इथलेच," बोरा म्हणाला.

"मग आता कुठं हायेत?"

"इथंच."

त्याच्या वडिलांना घरातून उठवून नेणारा माणूस त्याच्याच गावात राहतो. दोघं एकाच देवळात जातात. अण्णांचा पुढचा प्रश्न मला भाषांतर करायलाही जड गेला: बोलता का त्याच्याशी? बोरानं टुकटुकचा आरसा पुसत सांगितलं, की कितीतरी वर्षं नाही. मग एका सणाला त्या माणसानं सगळ्यांसमोर, बोराच्या आईसमोर, बोराच्या वडिलांचं नाव घेतलं आणि मी नेलं होतं म्हणाला. तेव्हापासून बोलतो, थोडंथोडं.

तो सण तेव्हा चालूच होता. आपला पितृपक्ष तोच त्यांचाही पंधरवडा, हे मला तिथं जाऊन कळलं. सोसायटीला सांगायला हवं, पितर इकडेही येतात. अण्णांनी हट्ट धरला म्हणून बोरानं आम्हाला त्याच्या गावच्या देवळात नेलं. उजाडायच्या आधी लोक भाताचे गोळे घेऊन देवळाभोवती फिरतात आणि अंधारात टाकतात. ज्यांचं मागे कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी. आमच्याही हातावर एकेक गोळा आला. मी आईचं नाव घेतलं, नियमात बसत नव्हतं तरी. अण्णांनी गोळा कपाळाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "हसन मुलाणी."

मी म्हटलं, अण्णा, हे कोण?

देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. जत्रेचं बोकड कापायचा मान गावच्या मुलाण्याचा असतो. हसनचाचा आमचा मुलाणी. रझाकार आले तेव्हा त्यानं आमच्या आजीला आणि दोन्ही आत्यांना आपल्या घरात लपवलं आणि दारात उभं राहून शपथेवर खोटं बोलला. फौज आली, टाळ्या. इथपर्यंतचं भाषण मला माहीत होतं, फक्त त्यात हसनचाचा नव्हता. पुढचं असं, की फौज सडकेनं निघून गेली आणि दोन-चार दिवसांत गावानं हसनचाचाला त्याच्याच विहिरीत टाकलं. त्याची बायको-पोरं रातोरात निघून गेली, कुठं ते कुणी विचारलं नाही. अण्णा तेव्हा तिसरीत होते. कुणी टाकलं, म्हणून मी विचारलं.

"आपलीच व्हती माय. सगळी आपलीच."

पुढच्या जत्रेला बोकड आणलं, पण कापणार कोण? कुणाचा हात उचलेना. मग देवाला दृष्टांत द्यावा लागला. देवाची सोय बघा. इतकी वर्षं मी ज्या पुरणपोळीची ऐट मिरवली, ती ही. मला तिथंच रडू आलं आणि बोरानं भाषांतर न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

भाषणात सांगता येईना आणि व्हिडिओत खोटं बोलवेना, म्हणून अण्णा पळाले होते.

त्यानंतर आम्ही बसनं सियम रीपला जाऊन अंकोर पाहिलं. भव्य आहे, जरूर पाहा, पायऱ्या उंच आहेत. वेरूळ पाहिलेल्या माणसाला थोडा भाव खाता येतो. अण्णा एका खांबाला टेकून बसले आणि घरी कधी जायचं, एवढंच विचारत राहिले.

घरी आलो तर संतोषचा निरोप हजर. पाहुण्यांना सतरा तारखेला सवड नव्हती, म्हणून सत्कार पुढे ढकलला होता. आपल्याकडे मुक्तीसुद्धा पाहुण्यांच्या सवडीनं होते. मला वाटलं, अण्णांचे गुडघे आता नक्की दुखणार. पण सत्काराच्या दिवशी ते सकाळीच धोतर नेसून गाडीत बसले.

भाषण नेहमीसारखं सुरू झालं. रझाकार, ज्वारी, फौज. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि अण्णा थांबलेच नाहीत. हसनचाचाचं दार सांगितलं, विहीर सांगितली, बोकड सांगितलं. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि खाली बघत राहिला. संतोषनं माईक घेतला, अण्णांचं वय झालंय, आता आठवणींची सरमिसळ होते, असं गोड आवाजात सांगितलं आणि त्यांच्या अंगावर शाल पांघरली. दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. तो फौज येते तिथं संपतो. माझ्या फोनमधला पुढं चालू राहतो.

तो ह्या लेखाखाली लावतेय. हे कळताच काल संतोषचा फोन आला, की ताई, गावाची बदनामी कशाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी फोन मागून घेतला.

"संतोष, येत्या जत्रंला बोकड आण."

देव शाकाहारी आहे, असंच काहीतरी पलीकडून आलं असावं.

"देवानं काय सोडलं नाय बाबा. ज्याचा मान व्हता त्याला आपण हिरीत टाकला. तू बोकड आण. कापायला माणूस का नाय, हे पोरं इचारतील. मंग म्या सांगतो."

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, नाव लिहिलंस का. लिहिलं म्हटलं, हसन मुलाणी. त्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनवर वाचून खात्री करून घेतली.