चादरीचं टोक

परळच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले तेव्हा माझा हात चांगला होता. कॉलेजात कोणाला शीर सापडली नाही की मला हाका यायच्या. सहा महिन्यांत त्या हाताची पार वाट लागली, आणि ती आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी लावली. कामाला वाघीण बाई, पण भर वॉर्डात, नातेवाइकांदेखत विचारायच्या, "एवढंही येत नाही? सर्टिफिकेट कुठून आणलंस?" घोडपदेवच्या घरून निघतानाच वाटायचं, आज सुट्टी टाकावी.

नियम साधा होता. दोनदा शीर हुकली की दुसऱ्या कोणाला तरी बोलवायचं. मी बोलवायची नाही. बोलावलं की बोलणी खाणं आलंच.

करी रोडच्या एक आजी दाखल झाल्या होत्या. हाताच्या शिरा दोऱ्यासारख्या. सकाळी सलाईन लावताना माझी सुई दोनदा हुकली. समोर टेबलाशी सिस्टर बसलेल्या. मी गुपचूप तिसऱ्यांदा टोचली. आजींनी हात मागे ओढला, "बाय माझे, हळू गो."

"एवढंही सहन होत नाही?" मी खेकसले.

चौथ्यांदा लागली. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. सुटले एकदाची, म्हणून पुढच्या खाटेकडे पळाले. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तो हात सुजला, सुई बदलायची वेळ आली. सिस्टर टेबलाशीच होत्या. एकदा हुकली. आजी गप्प. परत हुकली. तरी गप्प. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या सुईचं पाकीट फोडून मान वर केली, तर आजींनी चादरीचं टोक दातांत घट्ट धरलेलं, आणि डोळ्यांतून पाणी.

टोक काढून त्या कुजबुजल्या, "माझा आवाज ऐकला तर ती बाई तुला परत बोलेल गो. तू टोच, मी सोसते."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि टेबलाशी गेले. "सिस्टर, मला जमत नाहीये. तुम्ही या."

त्या आल्या. बोलायचं ते बोलल्या, सगळा वॉर्ड ऐकत होता. मी आजींचा दुसरा हात धरून उभी राहिले. सुई एका टोचण्यात लागली. ती आत शिरताना आजी "आई गं!" करून चांगल्या मोठ्यांदा ओरडल्या, आणि मला रडू फुटलं.